कास्क एल बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरीत जाताना काय पाहावे?

धरमपेठकर :
पुढच्या महिन्यात मी मुलीकडे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात, लीड्सला जाणार आहे. तिच्या घराजवळ एक छोटी ब्रुअरी (बिअर बनवण्याचा कारखाना) नव्याने सुरू झाली असून तिथे केवळ पारंपरिक कास्क एल, म्हणजे पिंपातून थेट वाढली जाणारी इंग्लिश बिअर, बनते आणि शनिवारी तिथेच बसून पिता येते, असे जावयांनी कळवले आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फासारखी गार बाटली उघडण्यापलीकडे माझा बिअरशी संबंध आलेला नाही. त्यामुळे जिची ‘कोमट आणि बिनफेसाची’ अशी ख्याती ऐकली आहे, ती एल चांगली की वाईट हे कसे ओळखावे, ते जाणकारांनी सांगावे. आमच्या सौ. शाकाहारी आहेत, त्यांच्या दृष्टीने काही अडचण आहे का?

यॉर्कशायरमधला वैदर्भीय :
कोमट नसते. ज्या तळघरात पिंपे ठेवतात तिथले तापमान 11 ते 13 अंशांच्या आसपास राखतात, म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेइतके. या एलमधले यीस्ट जिवंत असते. ती पिंपात भरल्यावर पुन्हा थोडी आंबते आणि त्यातून जो वायू तयार होतो तेवढाच तिच्यात असतो. बाहेरून वायूचा दाब न देता ती हातपंपाने ओढून काढतात. बिनफेसाची म्हणाल, तर यॉर्कशायरमध्ये पंपाच्या तोंडाला स्पार्कलर नावाची बारीक छिद्रांची तोटी लावण्याची पद्धत असल्याने दाट, सायीसारखा फेस येतो.

आता मुख्य मुद्दा. एल ओढली जाते तशी पिंपात हवा शिरते, म्हणून उघडलेले पिंप साधारण तीन दिवसांत संपवावे लागते. फर्किन या नेहमीच्या पिंपात 9 गॅलन, म्हणजे सुमारे 41 लिटर किंवा 72 पाइंट मावतात. नव्या ब्रुअरीत गिऱ्हाईक थोडे आणि हातपंप मात्र सहा-सात असतील, तर काही पिंपे रेंगाळणारच. पंप जितके कमी, तितका माझा विश्वास अधिक. कोणते पिंप कधी उघडले, हे निःसंकोच विचारावे आणि सर्वाधिक खपणारी एल आधी घ्यावी. बहुतेक ठिकाणी घोटभर चाखायला देतात, आणि तृतीयांश पाइंटाचे मापही तिथे कायदेशीर आहे. व्हिनेगरसारखा वास आला तर पेला परत करावा. त्यात कोणी अपमान मानत नाही. जावयांना मात्र त्या दिवशी गाडी चालवू देऊ नका.

बिअर-निर्मितीतला एक :
शाकाहाराबद्दलची शंका रास्त आहे. यीस्टचा गाळ लवकर खाली बसावा म्हणून परंपरेने पिंपात आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनते. अनेक नव्या छोट्या ब्रुअऱ्या ते वापरत नाहीत; त्यांची एल किंचित गढूळ दिसते, आणि हा तिचा दोष नव्हे. तेव्हा केवळ पेला पाहून निवाडा करू नये. आधी आयसिंग्लास घातले आहे का, हे विचारावे, आणि घातलेले असूनही एल गढूळ असेल तरच शंका घ्यावी. पिंप हलवल्यानंतर गाळ बसायला दिवस-दोन दिवस न देताच ते उघडले असण्याची शक्यता असते.

धरमपेठकर :
दोघांचेही आभार. असा प्रयोग नागपुरात होऊ शकेल का?

बिअर-निर्मितीतला एक :
मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला तरी पिंपांची खोली यंत्राने 12 अंशांवर ठेवता येते. फक्त वीज गेल्यावर ती तशी राहील याची सोय हवी. खपाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. बाहेर लू वाहत असताना 12 अंशांची बिअर मागणारे इतके लोक मिळाले पाहिजेत, की 72 पाइंट तीन दिवसांत संपतील. मला विचाराल तर सुरुवात हिवाळ्यात, एकाच प्रकारच्या एलने आणि पिन या अर्ध्या मापाच्या पिंपाने करावी.