कॉमिकची संहिता: चौकटी कोणी पाडायच्या, लेखकाने की चित्रकाराने?

कृष्णाकाठ (सांगली):
हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांवर, २४ पानांचं कॉमिक लिहितोय. चित्रकार साताऱ्याचे. ते म्हणतात, "प्रसंग सांगा, चौकटी मी पाडतो." मला हे पटत नाही. कोणत्या पानावर किती चौकटी, कोण कुठे उभा, काय बोलतो, सगळं संहितेत हवं. आणि एका चौकटीत एकच कृती. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, "हमाल पेवावरची माती काढतो, आत वाकतो आणि उतरतो." या तीन कृती एका चित्रात मावतच नाहीत. शिवाय पेव उघडल्या उघडल्या कोणी उतरत नाही, कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरतो. ते थांबणं हीच माझी गोष्ट आहे. ती दुसऱ्यावर कशी सोडू?

शाईबोरू (सातारा):
तो चित्रकार मीच. थांबणं दाखवायला तुम्ही सहा चौकटी लिहिल्यात आणि सहाही चौकटींत कोणीतरी बोलतंय! मला तिथं चार आडव्या चौकटी द्या, शब्द एकही नको. पेवाचं उघडं तोंड. तेच तोंड, पण सावली सरकलेली. विझलेली बिडी. मग पाय. "वरून, तिरक्या कोनातून" हे मी बघतो. पेवाचं तोंड किती रुंद, हमालाच्या अंगावर काय, हातात काय, ते लिहा. नेमकं तेच तुमच्या संहितेत नाही. आधी कथानक, मग चित्रं, शेवटी संवाद, अशा पद्धतीने मार्व्हलने १९६० च्या दशकात ढिगाने अंक काढले.

कृष्णाकाठ:
आणि त्याच पद्धतीत कथा रचूनही श्रेय मिळालं नाही, ही मार्व्हलचे चित्रकार जॅक कर्बी यांची तक्रार होती. बिडी मात्र घेतो. मला सुचली नव्हती.

मिरजकर_ताई:
मी संवादाच्या फुग्यांतली अक्षरं बसवते. इंग्रजीत एका फुग्यात २५ शब्द चालतात म्हणून आपल्याकडेही तेवढे कोंबतात. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. ओळी जवळ आणल्या की "तू"चा उकार खालच्या "मी"च्या वेलांटीत अडकतो. १२-१५ शब्दांवर थांबा. आणि आधी बोलणारा डावीकडे उभा करा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. हे लेखकानेच लिहायला हवं.

रानवाट (तासगाव):
ताई, आपली माणसं १२ शब्दांत बोलतात का? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हापासून आपल्याला बोलणारी पात्रं लागतात. हमालाचं "आरं, वाईच दम धर की" कापून "थांब" केलंत, तर तो कुठल्याही गावचा होईल. लांब वाक्य दोन फुग्यांत तोडा, पण बोली ठेवा.

मिरजकर_ताई:
"वाईच दम धर" म्हणजे तीनच शब्द. मी कापायला सांगते ते "तुला माहीतच आहे की पेवात विषारी हवा असते" हे. जे चित्रात दिसतंय ते पात्राने बोलू नये.

कृष्णाकाठ:
हे वाक्य माझ्याच खर्ड्यातलं आहे. आज काढतो. पण एका गोष्टीवर मी हटणार नाही. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरतं, ते पान उलटल्यावरच दिसायला हवं. म्हणजे डावं पान, सम आकडा. मी १४ धरलंय. शाईबोरूंनी आधी एक पान वाढवलं तर पूर १५ वर जातो आणि १४ वाचतानाच वाचकाच्या डोळ्याला पाणी दिसतं.

शाईबोरू:
१४ राखतो. वाढवलंच तर दोन पानं वाढवीन. थांबण्याच्या पानावर मात्र तुमचा एकही फुगा घेणार नाही. पेवाच्या तोंडाचं माप अजून आलेलं नाही, रविवारी टेप घेऊन हरिपूरला येतो.