खग्रास ग्रहणाच्या पट्ट्यात आलेल्या छोट्या गावाने गर्दीची तयारी कशी करावी?

छायापट्टा

समजा, १०–१२ हजार वस्तीचं एक गाव खग्रास पट्ट्याच्या मध्यरेषेजवळ येतंय. गावाबाहेर पडायला एकच दुपदरी रस्ता, एक छोटं रुग्णालय, दोन पेट्रोल पंप, आणि राहण्याची सोय जेमतेम तीनशे खोल्यांची. हातात वर्ष-दीड वर्ष आहे. अशा गावासाठी आराखड्याचा कच्चा मसुदा करतोय. माझे प्रश्न:

किती पाहुणे धरून चालायचं? गाड्या लावायला किती जागा लागेल? शौचालयं आणि पाणी यांचं गणित कशावर मांडायचं? मोबाइल नेटवर्क कोलमडलं तर काय? आणि आदल्या दिवशी ढगाळ हवेचा अंदाज आला तर हे सगळं वाया जातं का?

"नियोजन नीट करा" छापाची उत्तरं खूप वाचून झाली. आकडे आणि कारणं हवी आहेत.

दुपदरी

आकड्यापासून सुरू करतो. नेमका अंदाज कुणालाच देता येत नाही, म्हणून तीन आकडे धरा: वस्तीइतके, दुप्पट आणि पाचपट. पण दूर कोपऱ्यातल्या गावांना हे प्रमाण लागू पडत नाही. २० एप्रिल २०२३ च्या ग्रहणात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथमध्ये खग्रास स्थिती मिनिटभराचीच होती आणि गावाची वस्ती ३,००० हून कमी, तरी सुमारे २०,००० लोक गेले. कारण त्या भागात जमिनीवरून खग्रास दिसण्यासारखी जागा जवळपास तेवढीच होती. म्हणून आधी नकाशा पाहा. आपल्याखेरीज पट्ट्यात आणखी किती गावं आहेत आणि सगळ्यात जवळचं मोठं शहर पट्ट्याच्या आत आहे की बाहेर? शहर बाहेर असेल आणि दोन तासांच्या अंतरावर असेल तर मोठा आकडा धरा.

आता खरी अडचण. लोक येताना तीन दिवसांत विखरून येतात आणि जाताना एका तासात निघतात. ग्रहणाचा मोक्ष (पूर्ण शेवट) व्हायला उन्मीलनानंतर, म्हणजे खग्रास संपून सूर्याची कड पुन्हा दिसू लागल्यानंतर, साधारण सव्वा तास असतो, पण खग्रास संपताच बहुतेकांना घरचे वेध लागतात. गणित मांडा: २०,००० पाहुणे, गाडीमागे तीन माणसं, म्हणजे जवळपास ६,७०० गाड्या. दुपदरी रस्त्याच्या एका दिशेची क्षमता कागदावर तासाला १,७०० गाड्या असते, पण वाटेत एखादा सिग्नलचा चौक किंवा गावातली बाजारपेठ असली की ती ८००–१,००० वर येते. तासाला ९०० धरल्या तर शेवटची गाडी साडेसात तासांनी बाहेर पडेल. खग्रास दुपारी ४ वाजता असेल तर रात्रीचे साडेअकरा. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणानंतर अमेरिकेत व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशरमधल्या महामार्गांवर मध्यरात्र उलटली तरी कोंडी होती. तिथे तर रस्ते बहुतांशी चौपदरी होते.

यावर उपाय तीन प्रकारचे.

पहिला, चौकाची क्षमता वाढवणं. खग्रासानंतर सहा-आठ तास बाहेर जाणाऱ्या मार्गावरचे सिग्नल बंद करून पोलीस उभे करायचे आणि समोरची रांग कापून जाणारी वळणं सरळ बंद करायची. कोंडी मुख्यतः या वळणांमुळेच होते. दोन्ही पदर बाहेर जाण्यासाठी वापरायचा मोह होतो, तो टाळा. आत येणारी रुग्णवाहिका मग कुठून येणार? रस्त्याची एक कड बॅरिकेड लावून मोकळी ठेवा, दोन ठिकाणी टोइंग गाड्या उभ्या करा. एक बंद पडलेली गाडी पूर्ण रांग थांबवते.

दुसरा, पार्किंगची जागा. मैदानावर आतल्या मार्गांसकट एका गाडीला साधारण ३० चौरस मीटर लागतात, म्हणजे एकरी १३० च्या आसपास. ६,७०० गाड्यांना ५० एकर हवेत. ते एकाच जागी घेऊ नका. सहा-सात मैदानं घ्या, आणि ज्या दिशेने पाहुणा आला त्याच बाजूच्या मैदानात त्याची गाडी लावा. परतताना त्याला गाव ओलांडावं लागता कामा नये. मैदानं सोडतानाही एकेक करून सोडायची.

पैसे घेण्याचं ठिकाण चुकलं की येतानाच तमाशा होतो. फाटकावर रोख पैसे घेतले तर एका गाडीला अर्धा मिनिट जातो, म्हणजे एका रांगेतून तासाला १२० गाड्या. मागची शेपटी थेट महामार्गावर. पास आधी विका, नाहीतर गाडी रांगेत लागल्यावर माणूस पाठवून पैसे घ्या. फाटक रस्त्यापासून निदान २०० मीटर आत हवं.

तिसरा उपाय लोकांना थांबवून ठेवण्याचा. संध्याकाळचा कार्यक्रम, जेवणाचे स्टॉल, तारे दाखवायला दुर्बिणी. आणि फलक: "आत्ता निघालात तर रांगेत, रांग ओसरल्यावर निघालात तर मोकळ्या रस्त्यावर." हे आकड्यासकट सांगितलं तर लोक ऐकतात.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणाच्या आगेमागे अमेरिकेत जीवघेण्या अपघातांत सापडलेल्या माणसांची संख्या नेहमीपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त होती, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासात दिसलं. दमलेले चालक, अनोळखी रस्ते, आणि खग्रासाच्या क्षणी रस्त्यातच थांबणारे लोक. म्हणून महामार्गालगत थांबण्याच्या जागा आखून द्या आणि त्या दिवशी अवजड वाहनं बंद ठेवा.

जलनियोजन

पार्किंगबद्दल दुपदरी यांच्याशी सहमत, एक भर घालतो. सुकं गवत असेल तर १० सेंटिमीटरच्या खाली कापून घ्या आणि कापलेलं उचलून न्या. तापलेल्या सायलेन्सरखाली गवत पेटतं, आणि गाड्या खेटून लावलेल्या मैदानात ती आग आवरत नाही. प्रत्येक मैदानाशी पाण्याचा टँकर हवा. पाऊस झाला तर काय, याचाही विचार आधी करा. चिखलात रुतलेल्या गाड्या ओढायला ट्रॅक्टर सांगून ठेवा.

शौचालयं. १०० माणसांमागे एक, हा बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा आकडा. २०,००० ला २०० होतात. पण घोडं पेंड खातं ते टाकीच्या क्षमतेत. एका फिरत्या शौचालयाची टाकी साधारण २०० वापरांत भरते. माणूस आठ तास थांबला तर दोन-तीनदा जातो, म्हणजे १०० माणसांचे २५० वापर. तेव्हा एकतर ७५ माणसांमागे एक ठेवा किंवा मधे एकदा उपसा करा. उपसा करायचा तर टँकर आदल्या रात्रीच मैदानाच्या आत आणून ठेवा. कंत्राटदाराची गाडी सकाळी बाहेरून येणार असेल तर ती पोहोचणार नाही, हे धरूनच चाला. शौचालयांच्या रांगांमधून टँकर जाईल एवढी वाट ठेवा. त्या एकमेकींना पाठ लावून मांडल्या की उपसणाऱ्याची नळी टाकीपर्यंत पोहोचत नाही आणि रांगच्या रांग तुंबते.

पुढे मैला जातो कुठे? २०० टाक्यांना प्रत्येकी २०० लिटर धरले तरी एका उपशाला ४०,००० लिटर, तोही रसायन मिसळलेला आणि घट्ट. छोट्या गावाच्या प्रक्रिया केंद्रात हे एकदम ओतलं तर तिथले जिवाणू मरतात आणि केंद्र कित्येक दिवस नीट चालत नाही. साठवण टाकी ठेवा आणि थोडं थोडं सोडा.

गर्दीची वेळही लक्षात घ्या. खग्रासाच्या आधीच्या अर्ध्या तासात आणि उन्मीलनानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत सगळ्यांना एकदमच जायचं असतं.

पाणी: २५० माणसांमागे एक तोटी, म्हणजे ८०. गरम हवेत नुसतं पिण्यासाठी माणशी ४ लिटर धरा, म्हणजे दिवसाला ८०,००० लिटर. तात्पुरती जोडणी पिण्याच्या पाण्याच्या पाइपनेच करा, बागेची नळी नको. तोटीशी उर्वरित क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम आहे का, हे सकाळ-दुपार तपासा. गावातल्या उंच टाक्या आदल्या रात्री काठोकाठ भरलेल्या हव्यात, आणि त्या दिवशी वीज गेली तर पंपांना जनरेटर.

नेटवर्क खग्रास संपताच बसतं, कारण सगळे एकाच वेळी व्हिडिओ पाठवायला लागतात. फिरते टॉवर मागवायचे असतील तर कंपन्यांशी वर्षभर आधी बोला, आयत्या वेळी मिळत नाहीत. तरीही आराखडा नेटवर्क नाही असं समजूनच करा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचा एक सामाईक वायरलेस चॅनेल ठरलेला असावा. पाहुण्यांना कागदी नकाशे द्या. दुकानांतली कार्ड मशिनं तारेच्या लाइनवर ठेवा. एटीएम आदल्या दिवशी भरून घ्या, कारण मशिनं बंद पडली की सगळा भार रोख पैशावर येतो.

उन्मीलन

खगोलाच्या बाजूने लिहितो, कारण जागा चुकली तर बाकीची मेहनत फुकट.

मैदान निवडताना सूर्याची उंची पाहा. १२ ऑगस्ट २०२६ च्या ग्रहणात स्पेनमध्ये सूर्य मावळतीला आलेला असतो. बुर्गोसजवळ क्षितिजापासून सुमारे ८ अंश, म्हणजे हात लांब केल्यावर एका मुठीपेक्षाही कमी, आणि मायोर्का बेटावर जेमतेम २–३ अंश. तिथे पश्चिमेला एक टेकडी किंवा झाडांची रांग आली की ग्रहण संपलं. तपासायची सोपी पद्धत आहे. १२ ऑगस्टला सूर्य आकाशातून ज्या वाटेने उतरतो, जवळपास त्याच वाटेने तो ३० एप्रिलच्या सुमारासही उतरतो. त्या संध्याकाळी प्रत्येक मैदानात उभं राहून पाहायचं. २ ऑगस्ट २०२७ ला लक्सरमध्ये उलटी स्थिती: सूर्य जवळजवळ डोक्यावर, खग्रास सहा मिनिटांहून जास्त, आणि कडक ऊन. तिथे क्षितिजाची काळजी नाही, सावलीची आहे.

पथदिवे विसरू नका. फोटोसेलवर चालणारे दिवे खग्रासात आपोआप लागतात आणि हजारो लोकांच्या डोळ्यांना सवय झालेला अंधार घालवतात. मैदानांजवळच्या फीडरचा (दिव्यांच्या वीजवाहिनीचा) पुरवठा खग्रासाआधी पॅनेलवरूनच बंद करा. आणि तो पुन्हा चालू कुणी करायचा, ते नाव लिहून ठेवा. मावळतीच्या ग्रहणात लगेच रात्र होते आणि लोक अंधारात गाड्या शोधत फिरतात. पेट्रोल पंपांचे छत, दुकानांच्या पाट्या, खासगी फ्लडलाइट यांना आठवडाभर आधी लेखी कळवा.

चष्मे आयएसओ १२३१२-२ मानकाचेच घ्या. पाकिटावरच्या छपाईवर विसंबू नका: घरात चष्मा लावल्यावर काहीही दिसता कामा नये, फार तर प्रखर दिव्याचा अंधुक ठिपका. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, नेहमीचे गॉगल यांपैकी काहीही चालत नाही. वेल्डिंगची काच १२ किंवा त्याहून वरच्या क्रमांकाची चालते. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या भिंगावरच लावायचा. ग्रहणाचा चष्मा घालून बिनफिल्टरच्या दुर्बिणीतून पाहिलं तर चष्मा जळतो आणि डोळाही जातो.

लाउडस्पीकरवरून "चष्मे काढा" अशी घोषणा घड्याळ बघून करू नका. लोकांना आधीच शिकवा: चष्म्यातून काहीच दिसेनासं झालं की काढायचा. शेवट मात्र घड्याळावर सांगा, उन्मीलनाच्या १५ सेकंद आधी: "नजर खाली, चष्मे लावा." वेळा प्रत्येक मैदानाच्या अक्षांश-रेखांशावरून वेगळ्या काढाव्या लागतात. पट्ट्याच्या कडेजवळ दोन-तीन किलोमीटरने खग्रासाची लांबी कितीतरी सेकंदांनी बदलते. ग्रहण कंकणाकृती असेल तर चष्मा एक क्षणही काढायचा नाही. आणि गाव पट्ट्याबाहेर असेल तर ९९ टक्के ग्रहणाला "खग्रास" म्हणून जाहिरात करू नका. तो फरक मोठा आहे, लोक फसल्यासारखे होतात.

ढगांबद्दल: २०२४ मध्ये आकडेवारीनुसार टेक्सासला निरभ्र हवेची शक्यता सर्वांत चांगली होती. प्रत्यक्षात तिथे बऱ्याच ठिकाणी ढग राहिले आणि उत्तरेकडे व्हरमाँट, मेन स्वच्छ निघालं. म्हणजे अंदाज खराब आला तर गर्दी ओसरते, शेजारच्यांचा खराब आला तर ती तुमच्याकडे वळते. यासाठी कंत्राटं दोन टप्प्यांत करा: ठरलेला भाग, आणि ४८ तास आधी सांगून वाढवता येईल असा भाग. दोन राखीव मैदानं नकाशात आखलेली असू द्या. ढगाळ अंदाजावर लोक त्या दिवशी पहाटेच गाव सोडून पळतात, तेव्हा वाहतूक पथक पहाटेपासून रस्त्यावर हवं.

पांढरा_कोट

रुग्णालयापुरतं थोडक्यात. त्या दिवसाच्या पाळीतले डॉक्टर, नर्स आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला हवेत. डायलिसिस एक दिवस अलीकडे घ्या. ऑक्सिजन आणि औषधांचा साठा तीन दिवसांचा. दिवस भरत आलेल्या बायकांची यादी काढून, ज्यांना मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल असं वाटतं त्यांना आधीच हलवा. रुग्णवाहिका कोंडीच्या दोन्ही बाजूंना विभागून ठेवा, रेल्वे फाटक असेल तर त्याच्याही दोन्ही बाजूंना.

प्रत्येक मैदानाला अक्षर आणि खांबांना क्रमांक द्या, "ग-१४" असे, लांबून वाचता येतील एवढे मोठे. अनोळखी मैदानात चक्कर येऊन पडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगताना सोबतच्यांना दुसरी खूण नसते.

डोळ्यांच्या तक्रारी त्याच वेळी येत नाहीत. पडदा भाजताना दुखत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मधोमध धूसर डाग दिसतो. तोवर पाहुणा परत गेलेला असतो, म्हणून ही लक्षणं चष्म्याच्या पाकिटाबरोबरच्या चिठ्ठीवर छापा.

छायापट्टा

सर्वांचे मनापासून आभार. मैला साठवण आणि पथदिवे हे दोन्ही मुद्दे मसुद्यात नव्हतेच. एक राहिलं: पंप आणि किराणा दुकानांना नेमकं काय सांगायचं?

दुपदरी

पंपांच्या टाक्या दोन दिवस आधी भरून घ्या, कारण इंधनाचा टँकरही त्याच रांगेत अडकतो. पंपाबाहेरची रांग रस्त्यावर येऊ नये म्हणून तिला बाजूच्या गल्लीतून वळवा. दुकानांनी पाणी, दूध, ब्रेड, बर्फ आणि टॉयलेट पेपर तीन दिवसांचा भरावा, आणि गावकऱ्यांनी आपला बाजार आठवडाभर आधी उरकावा. कचऱ्याच्या गाड्या मात्र त्या रात्री काढू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला रस्ता मोकळा असतो.