ट्विस्टेड मेटल २ : मॉस्कोच्या पुढे जाता येत नाही, नेमके काय चुकत असावे?

निळा_टायर (प्रश्न)

१९९६ साली प्लेस्टेशनवर आलेला ट्विस्टेड मेटल २ हा शस्त्रसज्ज गाड्यांच्या लढाईचा गेम मी गेल्या महिन्यापासून खेळू लागलो आहे. शर्यतीचे गेम मी पुष्कळ खेळलो असल्यामुळे गाडी हाकण्याची अडचण येणार नाही असे वाटले होते, पण तो भ्रम लवकरच दूर झाला. लॉस एंजेलिसची पातळी मी कशीबशी पार करतो. मॉस्कोत मात्र पहिल्या दोन मिनिटांतच तीन-चार गाड्या माझ्या मागे लागतात, आणि मी वळून नेम धरेपर्यंत माझे निम्मे चिलखत संपलेले असते. मी स्पेक्टर ही गाडी वापरतो, कारण ती वेगवान आहे आणि तिचे खास क्षेपणास्त्र भिंतींतूनही आरपार जाते. शस्त्र दिसले की ते उचलावे आणि शत्रू समोर आला की हाती असेल ते झाडावे, एवढीच सध्या माझी पद्धत आहे. गाडी बदलावी, शस्त्रे वापरण्याची रीत बदलावी की मुळात हाकण्यातच काही चुकते आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना_गडी

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘मी वळून नेम धरेपर्यंत’ हे आहे. शर्यतीच्या गेममध्ये मागची गाडी म्हणजे आपण जिंकत असल्याची खूण असते. इथे मात्र मागची गाडी हाच खरा धोका असतो, कारण बहुतेक शस्त्रे पुढच्या दिशेने सुटतात आणि ज्याची पाठ दिसते तो मार खातो. म्हणून थांबून किंवा मोठा वळसा घेऊन नेम धरण्याची सवय आधी मोडावी लागेल. जागच्या जागी गाडी झटकन फिरवण्यासाठी या गेममध्ये वेगळे बटण दिलेले आहे. साधे वळण पुरेसे वाटत असल्यामुळे नवे खेळाडू त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. एखाद्या मोकळ्या कोपऱ्यात फक्त तेवढाच सराव करावा: पूर्ण वेगात जायचे, ते बटण दाबून तोंड फिरवायचे आणि लगेच पुन्हा वेग घ्यायचा. हे हाताला बसले की पाठलाग करणारी गाडी तोंडासमोर आणायला क्षणभराचाच अवधी लागतो.

दुसरा उपाय त्याहून सोपा आहे, पण तो कुणाला सहसा सुचत नाही. पाठलाग सुरू झाला की तोंड शत्रूकडे करावे आणि गाडी उलटी हाकत मागे जावे. वेग कमी पडतो हे खरे, पण मशीनगन अमर्याद असल्यामुळे तेवढ्या वेळात समोरून येणाऱ्याचे बरेच नुकसान होते, शिवाय क्षेपणास्त्रासाठी नेमही आपोआप लागलेला असतो. मॉस्कोचे मैदान लहान असून आडोसा फार थोडा आहे, त्यामुळे तिथे पळून जाण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते.

गाडीविषयी माझे मत असे की, स्पेक्टर वाईट नाही, पण तिचे चिलखत पातळ आहे आणि शिकाऊ माणूस चुका करणारच. वॉरथॉगसारखी जड गाडी घेतली तर प्रत्येक चूक लगेच जिवावर बेतणार नाही.

काटकोन

वॉरथॉगविषयीच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. जड गाडी मार सहन करते, पण त्यामुळे मार खाण्याचीच सवय लागते, आणि पुढे न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर नेमके थांबणे-वळणे जमले नाही तर कडेवरून खाली पडून ते आयुष्य वाया जाते. तिथे चिलखत कितीही असले तरी काही उपयोग नसतो. अंटार्क्टिकातही बर्फाचे तुकडे एकेक करून कोसळत जातात, तेव्हा चपळ गाडीच हवी. स्पेक्टर सोडायचीच असेल तर रोडकिलसारखी मधली गाडी घ्यावी. मिस्टर ग्रिमची मोटारसायकल मात्र सध्या नको. तिचे खास शस्त्र अत्यंत घातक असले तरी चिलखत इतके नाजूक आहे की दोन-चार फटक्यांत खेळ आटोपतो.

आता शस्त्रांविषयी. ‘हाती असेल ते झाडावे’ इथेच आपला बराचसा दारूगोळा फुकट जातो. होमिंग क्षेपणास्त्र शत्रूचा माग घेते, पण त्याचा फटका हलका असतो. फायर क्षेपणास्त्र थोडेच वळते आणि त्याहून जोरात लागते. पॉवर क्षेपणास्त्र सरळ रेषेत जाते, पण त्याचा घाव सर्वांत मोठा असतो. म्हणजे दूरच्या किंवा पळणाऱ्या गाडीवर होमिंग खर्च करावे आणि पॉवर अगदी जवळ, शक्य तर शत्रू भिंतीला अडकलेला असताना सोडावे. रिमोट बॉम्ब पाठलागाच्या वेळेसाठी राखून ठेवावा: अरुंद वाटेत तो मागे टाकायचा आणि पाठलाग करणारा त्याच्यावर आला की उडवून द्यायचा. आपले खास शस्त्र वेळेनुसार आपोआप पुन्हा भरते, तेव्हा ते साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. पॅरिसला पोहोचलात की आयफेल टॉवर पाडता येतो आणि पडलेल्या टॉवरवरून इमारतींच्या छपरांवर जाण्याची वाट तयार होते. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी शत्रू सोडून अर्धा तास तेच करत बसलो होतो.

निळा_टायर

दोघांचेही आभार. उलटे हाकण्याचा प्रयोग कालच केला आणि मॉस्को प्रथमच पार झाले, तेही स्पेक्टरनेच. एक शंका मात्र राहिली. दिशांच्या बटणांचा विशिष्ट क्रम दाबून शत्रूला गोठवता येते असे ऐकले आहे, पण मी तो क्रम दाबू लागलो की गाडीच भरकटते.

जुना_गडी

तो क्रम डावे, उजवे, वर असा आहे. गाडी वळते तीही त्याच बटणांनी, म्हणून क्रम रेंगाळत दाबला की गाडी आधी डावीकडे आणि मग उजवीकडे डोलते आणि गोठवणारा गोळा भलतीकडेच जातो. तिन्ही बटणे एका दमात, टिचकी मारल्यासारखी दाबली तर तोंड फारसे हलत नाही. संरक्षक कवचासाठी वर, वर, उजवे आणि उडी मारण्यासाठी वर, वर, डावे. हे दोन्ही तुलनेने सोपे जातात, कारण त्यांत वळवणारे बटण एकदाच आणि शेवटी येते. या सगळ्यासाठी लागणारी ऊर्जा एकाच पट्टीतून खर्च होते आणि ती सावकाश भरते, त्यामुळे सुरुवातीला फक्त गोठवण्यासाठीच ती राखून ठेवावी.

गोठलेली गाडी काही क्षण जागची हलत नाही, आणि सरळ जाणाऱ्या पॉवर क्षेपणास्त्राला हवी असते ती नेमकी हीच संधी. मात्र आधी शस्त्र निवडून ठेवावे आणि मगच गोठवावे. मी कित्येक महिने उलटे करत होतो, आणि यादीत पॉवर शोधेपर्यंत समोरचा बर्फातून सुटून माझ्यावरच चाल करून यायचा.