गायरानावर सोलर येतंय, याने कार्बन खरंच कमी होतो का? आणि गावाच्या बाजूने कोण?

माळावरचा
राम राम मंडळी. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सबस्टेशनला लागूनच गायरान आहे. तिथे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला, म्हणजे शेतीपंपांना दिवसा सोलरची वीज द्यायचा, प्रकल्प बसणार असं कंपनीचा माणूस सांगून गेला, आता ग्रामसभा लागलीय. गावात सरळ दोन तट पडलेत, मेंढरंवाले म्हणतात चराई गेली तर जनावरं न्यायची कुठं, आणि बागायतवाले म्हणतात दिवसा लाईट मिळणार असेल तर उद्याच खांब रोवा. मला दोघांचंही पटतंय म्हणून विचारतो, देशाचा कार्बन कमी करायला म्हणून हे चाललंय तर तो खरंच होतो का, की नुसता कंपनीचा धंदा? आणि सरकार नि कंपनी सोडून तिसरं कोणी यात असतं का?

फीडरवाला
दादा, हिशोब सांगतो. आपल्याकडच्या उन्हात 1 मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला साधारण 16-17 लाख युनिट देतो. ग्रीडमधली, म्हणजे वीजपुरवठ्याच्या मोठ्या जाळ्यातली वीज अजून जास्त करून कोळशाचीच, एका युनिटमागे 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे मेगावॅटमागे वर्षाला अकराशे-बाराशे टन वाचतात. पॅनल बनवताना जो कार्बन जातो तो एक-दोन वर्षांत फिटतो आणि पॅनल चालतं 25 वर्षं. वर ही वीज लांबून आणायची नाही, शेजारच्या सबस्टेशनमधून थेट शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वेगळ्या लाईनवर सोडायची, त्यामुळे लाईनमध्ये जी गळती होते तीही कमी. राज्यातली साधारण चौथा हिस्सा वीज शेतीपंप खातात, तेव्हा हे किरकोळ काम नाही.

धंदा म्हणाल तर आहेच, आणि असायलाच पाहिजे. पैसा कंपनी घालते, महावितरण तीन रुपयांच्या आसपास दराने 25 वर्षं वीज घेतं, केंद्राची शेतीतल्या सोलरसाठीच्या कुसुम योजनेतून मदत असते, शेतकऱ्याला रुपया भरावा लागत नाही. नुसत्या सरकारी पैशावर एवढं कधीच उभं राहिलं नसतं.

पर्वती_पायथा
तिसरं कोणी असतं का, या प्रश्नाला मला उत्तर द्यायचंय कारण हे लोक विसरतात. पुण्यातल्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने ही सोलर फीडरची कल्पना वर्षानुवर्षं लावून धरली. वीजदर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत जाऊन आकडे मांडायचे, शेतीपंपांचा खरा वापर किती ते खोदून काढायचं, असलं किचकट काम ही मंडळी कधीपासून करताहेत. प्रत्येक शेतात वेगळा सोलर पंप दिला तर पिकाला पाणी नको असेल तेव्हा त्याची वीज वाया जाते, अख्खा फीडरच सोलरवर घेतला तर उरलेली वीज ग्रीडला जाते आणि ढगाळ दिवशी ग्रीडमधून परत मिळते, हा मुद्दा मला तरी बिनतोड वाटतो. 2017 ला सरकारने योजना आणली, राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली, 2023 ला तिची 2.0, म्हणजे सुधारित आवृत्ती आली. संस्थेने अभ्यास केला नसता तर सरकारकडे हिशोब नसता, सरकारने 25 वर्षांच्या खरेदीची हमी दिली नसती तर कंपनीला बँकेने दारात उभं केलं नसतं. एकट्याने कोणाच्यानेच झालं नसतं हो.

काळी_माती
आमच्याकडं झालाय प्रकल्प म्हणून लिहिते. आधी आठवड्याआड रात्रीची लाईट असायची, आमचे मालक रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे, गुडघाभर गव्हात, विंचूकाट्याचं भ्या, आणि मी घरी फोन हातात धरून बसायची. आता दिवसा पाणी देतो, मीही जाते. हे सुख कशात मोजणार सांगा. पण एक ध्यानात ठेवा, आमच्या इथं कंपनीवाल्यांनी गावची पोरं कामावर घेऊ म्हणून तोंडी सांगितलं होतं, एकही घेतलं नाही, आणि कुंपण अशा जागी घातलं की बैलगाडीची वाट बंद झाली. जे काय असेल ते ठरावात लिहून घ्या, तोंडी बोलण्याला काही किंमत नसते. खाजगी जमीन असती तर मालकाला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं मिळतं, गायरानाला नाममात्रच, ग्रामपंचायतीला मात्र वर्षाला 5 लाख असे 3 वर्षं येतात, ते चाऱ्यावर नि पाणवठ्यावर खर्च करायचे हे आत्ताच ठरवा.

कोरडवाहू
सगळे चांगलंच सांगताय पण पाण्याचं कोणीच बोलेना. साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे, त्यात दिवसा आठ तास लाईट, म्हणजे बोअर दिवसभर चालणार. पाणी पार खाली गेलं की मोटर मोठी बसवणार, वीज जास्त लागणार, मग कार्बन वाचला कुठं? ठिबकशिवाय हे मला पटत नाही. भूजलावर काम करणारी एखादी संस्था गावात आणा, उसाचं क्षेत्र किती वाढू द्यायचं हे गावानं आपसात ठरवलं पाहिजे.

फीडरवाला
पाण्याचं कोरडवाहूचं शंभर टक्के खरं आहे, माझ्या हिशोबात ते धरलेलं नाही. चराईसाठी एक करता येईल, पॅनलखाली गवत उगवतंच आणि कंपनीला ते पैसे देऊन कापावं लागतं, ठरलेल्या दिवशी मेंढरं आत सोडायची बोली करा. मेंढ्याच फक्त हं, शेळी पॅनलवर चढते.

माळावरचा
लई उपकार सगळ्यांचे. वाट, चराई, पोरांचं काम आणि ठिबक, चारही ठरावात घालायचं सरपंचांशी बोललोय, मेंढरंवाल्यांनाही ग्रामसभेला घेऊन येतो. गायरानाच्या मोजणीची नक्कल तलाठ्याकडं मिळते का?

काळी_माती
नाही, तालुक्याला भूमी अभिलेखमध्ये. आजच अर्ज टाका, वेळ लावतात.