सोसायटी ग्रुप: शनिवारी क्लबहाऊसमध्ये ‘स्टाइल्स’

सायली (बी-४०३): काल गुप्तहेर पॉयरोच्या टीव्ही मालिकेतला, अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ कादंबरीवरचा भाग बघायला आलेल्या सगळ्यांना थँक्यू. क्लबहाऊसचा एसी गळतोय, कमिटीला कळवलंय. आता बोला, कसं वाटलं?

जोशी काका (ए-१०१): पॉयरो झालेल्या डेव्हिड सुशेबद्दल प्रश्नच नाही. पण डॉक्टर बॉअरस्टाइन कुठे गेला? पुस्तकात विषांचा एवढा मोठा जाणकार गावात मुक्कामाला आहे, आणि इथे अख्खा माणूसच गायब!

मीनाताई (सी-३०१): काका, आहेत तेवढी माणसं लक्षात ठेवतानाच मारामार झाली. जॉन कोण नि लॉरेन्स कोण, मी शेवटपर्यंत शेजारच्यांना विचारत होते.

जोशी काका: अहो पण तो डॉक्टर नसला की जॉनची बायको मेरी नुसतीच फुगून बसल्यासारखी वाटते. नवरा-बायकोतली धुसफूस त्याच्यामुळे तर रंगते.

सायली: पावणेदोन तासांत बसवायचं तर कोणाला तरी घरी पाठवावंच लागणार. मला तरी त्याची उणीव जाणवली नाही.

जोशी काका: पुस्तक वाचलं नाही की उणीव जाणवत नाही 🙂

स्नेहल (सी-२०४): मी बाटलीबद्दल लिहितेय. नाईककाका, तुम्ही मध्येच उठून गेलात, पुढचं वाचू नका.

नाईक (ए-४०२): पाहुणे आले म्हणून उठलो. वाचणार. लिही तू.

स्नेहल: मग तक्रार चालणार नाही. तर ज्यांचा खून होतो त्या घरमालकीण बाईंच्या टॉनिकमध्ये स्ट्रिक्निन हे विष आधीपासूनच होतं. त्या काळी अगदी अल्प प्रमाणात ते ताकदीसाठी देत. त्यात कोणीतरी झोपेच्या औषधाची, म्हणजे ब्रोमाइडची पूड मिसळली. मग स्ट्रिक्निनचे बारीक स्फटिक होतात आणि तळाशी बसतात. रोज वरवरचं औषध घेतलं, काही झालं नाही. शेवटच्या डोसात सगळा गाळ पोटात.

मीनाताई: बाई गं. म्हणजे विष बाहेरून आणायलाच नको?

स्नेहल: नकोच. आणि खुनी त्या रात्री घरात असायचीही गरज नाही. कॉफी कोणी ओतली, कोको वर कोणी नेला, यामागे सगळे धावत बसतात. आम्ही औषधवाले ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवा’ असं लेबल लावतो ते उगाच नाही. इथे बाटली न हलवण्यावरच खुनाचा सगळा डाव.

नाईक: मी कॉफीवरच पैज लावून बसलो होतो. कडूपणा लपतो म्हणून.

स्नेहल: तुम्ही तसंच समजावं अशीच तर मांडणी आहे.

जोशी काका: अगाथाबाई पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या हॉस्पिटलात औषधं बनवून द्यायच्या कामावर होत्या. ही कादंबरी त्यांनी १९१६ मध्ये लिहिली, छापून आली १९२० मध्ये. औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानेही कौतुक केलं, त्याचा त्यांना फार आनंद झाला होता.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई. स. ११ ते दु. २ पाणी बंद. भरून ठेवावे.

कुलकर्णी आजी (बी-१०२): मला तो पॉयरो शेकोटीवरच्या फळीवरच्या वस्तू सरळ करतो ते फार आवडलं.

सायली: आजी, तीच तर किल्ली आहे! सकाळी त्याने वस्तू नीट लावलेल्या, नंतर पुन्हा सरळ कराव्या लागल्या. म्हणजे मधे कोणाचा तरी हात लागला. खुनाचा पुरावा असलेली चिठ्ठी फाडून, पट्ट्यांच्या सुरळ्या करून तिथल्याच भांड्यात खोचलेली. विस्तव पेटवायच्या सुरळ्यांत आणखी दोन-तीन, कोण बघतंय?

कुलकर्णी आजी: माझ्या देव्हाऱ्याला कोणी हात लावला तर मलाही बसल्या जागी कळतं.

मीनाताई: आजी 😂 आम्ही नाही लावत!

अ‍ॅड. देशमुख (ए-३०३): मला कायद्याची बाजू जास्त आवडली. नवरा स्वतःवर संशय ओढवून घेतो...

नाईक: अहो!! 

अ‍ॅड. देशमुख: नवरा म्हटलंय, खुनी नाही म्हटलेलं.

नाईक: आता उरलं काय?

अ‍ॅड. देशमुख: वाचणार म्हणालात ना? ऐका. तेव्हा इंग्लंडात एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नसे. म्हणून कच्च्या पुराव्यावर पकडलं जायचं, कोर्टात आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करायचं, सुटायचं, की जन्मभर निर्धास्त. पॉयरो म्हणूनच त्याची अटक टाळतो. आज हा बेत फसला असता. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टनंतर खुनात नवा भक्कम पुरावा मिळाला तर अपील कोर्ट फेरखटल्याची परवानगी देऊ शकतं. आपल्याकडे मात्र सुटलेल्याला संरक्षण आहे. पूर्वी सीआरपीसी या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं कलम ३००, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम ३३७.

मीनाताई: देशमुख, ही माहिती ग्रुपवर कशाला? लोक नवऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघतील.

मंदार (ब्रिस्टल): आईच्या फोनवरून वाचतोय. गोष्टीतलं ‘स्टाइल्स’ हे घर एसेक्समध्ये, शूटिंग झालं आमच्या बाजूला, ग्लॉस्टरशरमध्ये टेटबरीजवळ शॅव्हनेज हाऊसला. जुनं एलिझाबेथकालीन घर आहे. १६ सप्टेंबर १९९० ला दाखवलं, अगाथाबाईंच्या जन्मशताब्दीच्या दुसऱ्या दिवशी.

जोशी काका: आणि बाकीची मालिका १९३० च्या दशकात, हा भाग १९१७ मधला. त्यामुळे चकचकीत फ्लॅट नाही, लिफ्ट नाही. निर्वासित बेल्जियन म्हातारा आणि त्याला आसरा देणारी बाई. तिच्या उपकारामुळे तो हे सगळं अंगावर घेतो, ते मला पटलं.

सायली: बॉअरस्टाइनशिवायही?

जोशी काका: बरं, बॉअरस्टाइनशिवायही.

नाईक: पुढच्या शनिवारी ‘कर्टन’ दाखवा. तेही स्टाइल्समध्येच आहे ना?

मंदार: काका, तो मालिकेचा शेवटचा भाग, २०१३ चा. मधले सगळे सोडून एकदम तिथे?

जोशी काका: त्यात तर शेवटी पॉयरो स्वतःच

सायली: काका!! ग्रुप फक्त अ‍ॅडमिनपुरता करतेय. उद्या सकाळी उघडेन.