भाषण करताना उभे कसे राहावे आणि हालचाल किती करावी?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. या वर्षीचे चित्रीकरण पाहिले तेव्हा लक्षात आले की, मी बोलताना सतत या पायावरून त्या पायावर झुलते, मान कागदात खुपसलेली असते आणि दहा मिनिटांत आवाज बसू लागतो. आरशासमोर सराव केला, तर अवघडलेपणा उलट वाढला. काय करावे?

प्रतिसाद १ : आवाज बसणे आणि मान खाली जाणे या मला दोन वेगळ्या तक्रारी वाटत नाहीत. हनुवटी छातीकडे झुकली आणि खांदे पुढे आले की स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळले जातात, बरगड्या पुरेशा फुलत नाहीत, आणि श्वासाची ती उणीव आपण नकळत गळ्यावर जोर देऊन भरून काढतो. त्यामुळे मान कागदाकडे नेण्याऐवजी कागद छातीच्या उंचीवर आणा आणि मजकूर ठळक अक्षरांत पानाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागात छापून घ्या. मग केवळ नजर खाली जाते, हनुवटी जात नाही. झुलण्याबाबत सांगायचे, तर भरताच्या नाट्यशास्त्रात ‘समपाद’ नावाचे स्थान, म्हणजे उभे राहण्याची पद्धत, आहे : दोन्ही पावले स्वाभाविक, मध्ये एक ताल, म्हणजे साधारण एका वितीचे अंतर. मी त्याहून थोडे अधिक अंतर सुचवेन, मात्र गुडघे मागे ताणून घट्ट करू नयेत.

प्रतिसाद २ : आरशाला इतक्यात मोडीत काढू नका. ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस मोठ्या आरशासमोर सराव करीत असे, असे प्राचीन चरित्रकार प्लूटार्कने लिहिले आहे. खांदा उडवण्याची सवय मोडण्यासाठी तो खांद्यावर भाला टांगून बोलत असे, अशीही आख्यायिका आहे. (भाल्याचा प्रयोग आपल्या सभासदांसमोर करू नये.) आरशात एका वेळी एकच गोष्ट पाहावी, आधी फक्त खांदे.

प्रतिसाद ३ : एखादे नारदीय कीर्तन आवाज बंद करून पाहा. कीर्तनकार संपूर्ण वेळ उभे असतात, तरी झुलत नाहीत; पूर्वरंगातील, म्हणजे पहिल्या भागातील, निरूपणात ते बरेचसे एका जागी असतात आणि उत्तररंगातील आख्यानात, म्हणजे नंतरच्या कथेत, पात्र बदलले की दोन पावले सरकून वळतात. आपण अहवालातील विषय बदलताना तेवढेच करावे, मधल्या वाक्यांत पाय हलवू नयेत. माइक स्थिर असेल, तर नुसती मान वळवल्याने तोंड त्यापासून बाजूला जाते आणि आवाज पडतो. म्हणून पावलांसह वळावे, आणि तेही माइक तोंडासमोरच राहील असे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. हातांचे काय करावे?

प्रतिसाद १ : आपल्या एका हातात कागद असणारच, दुसरा सैल सोडावा आणि आकडे सांगताना आपोआप वर आला, तर येऊ द्यावा. ठरवून केलेले हातवारे शब्दांच्या मागून येतात आणि ते सभागृहाला लगेच कळते.