मदत हवी आहे: डेटा सफिशियन्सीमधल्या असमानता

नमस्कार मंडळी. जीमॅटची (एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी करतेय. नोकरी पणजीला, घर फोंड्याला, त्यामुळे क्लास जमत नाही. अभ्यास रात्री तासभर.

अडचण अशी. डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नात उत्तर काढायचे नसते; दिलेली विधाने एकेकटी किंवा मिळून उत्तराला पुरेशी आहेत का, एवढेच ठरवायचे असते. प्रश्न: क्ष³ > क्ष आहे का?
विधान १: क्ष² > क्ष
विधान २: क्ष > -1

विधान १ मध्ये 2 घातले तर ‘हो’, -2 घातले तर ‘नाही’. म्हणजे अपुरे. विधान २ चेही तसेच: 2 ला ‘हो’, 1/2 ला ‘नाही’. इथवर ठीक. दोन्ही एकत्र घेतल्यावर मात्र 2, 3, -1/2, काहीही घातले तरी ‘हो’च येते. अपुरे ठरवायला दोन आकडे पुरतात. पुरेसे आहे हे किती आकड्यांनी ठरवायचे? शेवटी संख्यारेषेवर -1, 0, 1 मांडून प्रत्येक तुकड्यातली चिन्हे तपासली. उत्तर बरोबर आले (दोन्ही मिळून पुरेसे), पण चार मिनिटे गेली. डेटा इनसाइट्समध्ये (हे प्रश्न ज्या विभागात येतात त्यात) 20 प्रश्नांना 45 मिनिटे, म्हणजे सरासरी सव्वादोन.

चिन्ह माहीत नसलेल्या चलाने दोन्ही बाजूंना गुणायचे वा भागायचे नाही, हे पक्के आहे, तेव्हा ते सांगू नका. त्या विभागात कॅल्क्युलेटर मिळतो, पण इथे त्याचा काय उपयोग!

ज्यांनी ही परीक्षा दिली आहे किंवा जे शिकवतात त्यांना विचारते: असा प्रश्न समोर आला की आधी आकडे घालता की थेट संख्यारेषा काढता? आणि आकडे सोडून रेषेकडे वळायचे, हे नेमके कशावरून ओळखता?